काळ्यापाण्याची सोजरा आणि दुपारचं ताट

उंद्रीत कोणाच्या घरी काय शिजतं ते कळायला चुलीपर्यंत जावं लागत नाही. नाक पुरतं. आणि देवानं मला ते जरा लांबच दिलंय. दुसऱ्याच्या घरात खुपसायला सोयीचं पडावं म्हणून, असं आमचं कुटुंब म्हणतं. कोणी तुरीचं वरण फोडणीला टाकलं, कोणाच्या अंगणात वांगी भाजली जातायत, कोणाची नवी सून मिरच्या करपवतेय, हे मी ओट्यावर बसल्या बसल्या सांगतो. पण काही वर्षांपूर्वी एका सकाळी शेजारच्या घरातून असा वास आला की मी हरलो.

"अवं," मी आत ओरडलो, "उत्तमरावाच्या घरी कोणीतरी डोक्याले लावायचं तेल तापवून राह्यलं."

बायको कुडावरून डोकावून आली आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "नुस्तं तापवून नाही राह्यली. त्याच्यात भाजी टाकली तिनं!"

ती म्हणजे सोजराबाई. उत्तमराव माझा लांबचा भाऊ. तरुणपणी वनखात्यात चिकटला आणि सरकारनं त्याला उचलून थेट अंदमानात नेऊन टाकलं, लाकडाच्या डेपोवर. लग्न झाल्यावर सोजराही तिकडे गेली, ती सगळा जन्म तिकडे काढून, त्याच्या अस्थी घेऊनच परतली. आता आमच्या गावानं अंदमानाबद्दल एकच गोष्ट ऐकलेली, काळं पाणी. त्यामुळे तिचं नाव पडलं काळ्यापाण्याची सोजरा. ते मीच पाडलं असं लोक म्हणतात. पुरावा कोणाकडे नाही.

"काय वं सोजरा, काय गुन्हा केलता म्हून येवढी सजा झाली?" मी विचारलं होतं.

"तुमच्या भावाशी लगीन केलतं," ती म्हणाली. तेव्हाच मी ओळखलं, की ही बाई आपल्या तोडीची आहे.

तिकडून येताना तिनं सोनंनाणं काही आणलं नाही. नारळ खवायची दातेरी विळी आणली, आणि पदराच्या गाठीत एका मिरचीचं बी. ती मिरची तिकडे 'धनी' म्हणून ओळखतात. रंगाच्या रिकाम्या डब्यात तिनं ती लावली. दिसायला तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, आभाळाकडे तोंड करून उभी राहणारी. आम्ही ठेचा खाऊन मोठी झालेली माणसं. मी एक उचलून दातांखाली धरली. त्यानंतर बराच वेळ मी हापशीखाली डोकं धरून होतो आणि हापसायला गल्लीतली बायामाणसं पाळीपाळीनं येत होती. त्यांच्या आयुष्यात तेवढा आनंद त्यांना पुन्हा मिळाला नाही.

सोजराचा स्वयंपाक म्हणजे सगळं उलटंच. आमच्याकडे नारळ देवाचा. फोडला की तुकडा हातावर, आणि शेंडी देवापाशी. ती त्याचा कीस पाट्यावर वाटायची, फडक्यात घालून पिळायची. पहिलं घट्ट दूध बाजूला, दुसरं पातळ दूध आधी पातेल्यात. त्यात चिंचेचा कोळ, हळद, कढीपत्ता, चिरलेल्या धनी मिरच्या. रस्सा उकळला की देऊळघाटच्या शकीलनं मोटारसायकलवर बर्फाच्या पेटीतून आणलेली धरणातली मासळी. शेवटी ते घट्ट दूध, आणि लगेच पातेलं खाली. शेजारी वाफाळता भात. आमच्या गावात रोज भात खाणारा माणूस आजारी समजतात. तिच्याकडे रोज भात.

सांगायचा मुद्दा मात्र निराळा आहे. तो निशिगंधापासून सुरू होतो.

सोजराचा एकुलता मुलगा प्रेमानंद खामगावला जिनिंगवर कामाला. त्याची बायको निशिगंधा, माहेर देऊळघाटचं. पहिलं लेकरू पोटातच गेलं होतं. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जिने चढायचे नाहीत, धक्के खायचे नाहीत. प्रेमानंदनं तिला उंद्रीत आणून सोडलं. "आई, तुह्या भरवशावर ठेवून राह्यलो," एवढंच म्हणाला. उन्हाळ्याचे दिवस होते. सोजरानं सुनेला पाण्याची कळशीसुद्धा उचलू दिली नाही.

तर त्या पोरीला डोहाळे लागले ते रश्श्याचे. कैरी नको, चिंचेचं बोटुक नको. "आत्याबाई, थे नारळाच्या दुधातलं करा ना." डोहाळे कोणी मोडत नाही. सोजरानं नारळ फोडला तर तो आतून काळा, नासका. मासळी चिरून ठेवलेली. ती तशीच पिशवी घेऊन दुकानाकडे निघाली.

आमच्या गल्लीच्या खाली जिथं तीन वाटा फुटतात तिथं एक बाभूळ आहे, तिच्या बुडाशी नाली. त्या नालीच्या कडेला तिला एक नारळ दिसला. चांगला भरलेला, हलवला तर पाणी वाजणारा. तिनं उचलून पिशवीत टाकला आणि वळून घरी आली.

आता तुम्ही म्हणाल, अशी कशी बावळट बाई. बावळट नाही. बेटावर नारळ वाटेवर पडलेलाच असतो. झाडावरचा मालकाचा, पडलेला पाहील त्याचा. जन्मभर तिनं असेच उचलले होते. हात आपोआप गेला. आमच्याकडे तिवाट्यावर पडलेला नारळ दिसला तर माणूस तोंड फिरवून लांबून जातो. कारण तो कोणीतरी कोणाच्या तरी अंगावरून ओवाळून टाकलेला असतो. उतारा म्हणतात त्याला. जे माणसाला धरून बसलंय ते नारळात उतरवायचं आणि तिवाट्यावर सोडून मागं न बघता घरी यायचं. ह्या उताऱ्याचं लिंबू ट्रॅक्टरखाली चिरडलं होतं, कुंकू धुळीत मिसळलं होतं, आणि नारळ उतारानं घरंगळत नालीशी जाऊन निवांत पडला होता.

त्यातली एक वाटी खवून तिनं रस्सा केला. दुसरी ठेवून दिली.

दुपार झाली होती. आमच्याकडची वैशाखातली दुपार रात्रीपेक्षा ओसाड असते. रस्त्यावर कुत्रं नाही, लिंबावर कावळा नाही. मी ओट्यावर सावलीत. सोजराचा उपास होता; निशिगंधा एकटीच पोटभर जेवली, हात धुवायला अंगणात आली. तांब्या तिरपा केला, आणि तशीच थांबली. पाणी पायावर सांडत राहिलं.

"ओ," ती म्हणाली. "आली वं माय."

आणि तांब्या हातात घेऊन चालायला लागली.

"सूनबाई, अनवाणी कुठी निघाल्या? माहेरी का?" मी चेष्टेनं विचारलं. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. जमीन तापून तव्यासारखी झालेली, तिच्या पायाला चटका लागत नव्हता. बाभूळ ओलांडून ती खालच्या शेततळ्याच्या वाटेला लागली तेव्हा मी ओट्यावरून खाली उतरलो. मी हाका मारल्या. सोजरा धावत आली आणि तळ्याच्या बांधाजवळ तिला धरलं. पुढं तो काळा प्लास्टिकचा उतार. त्यावर पाय पडला की माणूस थेट पाण्यात.

"माय बोलावून राह्यली ना मले," निशिगंधा म्हणाली. "ऐकू नाही येत का तुमाले?"

तिची आई त्या वेळेला देऊळघाटला पापड लाटत बसली होती. फोन करून विचारलं.

त्याच दिवशी संध्याकाळी रुखमाबाई गल्लीत गूळ वाटत आली. ही आमच्या वरच्या घरची. तिची नात छकुली, सातेक वर्षांची, दोन महिने झाले भर दुपारी उठून तळ्याकडे चालायला लागायची. आई तिच्या शेजारी कणीक मळत बसलेली असायची, आणि पोरगी म्हणायची, "माय बोलावते." "अवं मी इथं हाय!" आई ओरडायची. "तू नाही. थे तिकडची." शेवटी दुपारी तिचा पाय ओढणीनं खाटेला बांधून ठेवायचे.

"आज उठलीच नाही लेकरू!" रुखमाबाई आनंदानं रडत होती. "गाढ झोपलं. अमुशेचा उतारा लागू पडला वं."

सोजराच्या हातातला गूळ हातातच राहिला. "कुठी ठेवला होता नारळ?"

"तिवाट्यावर. काऊन?"

सोजरा गूळ पदराला बांधून आत गेली. पण माझ्या लांब नाकापासून काय लपतं? रात्र पडायच्या आत मी तिच्याकडून सगळं काढून घेतलं. पिशवी, बाभूळ, उरलेली वाटी.

त्या तळ्यात काय आहे म्हणाल तर गावात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही मीच पसरवल्या असा आळ आहे, म्हणून एकही सांगत नाही. खरं म्हणजे कोणालाच माहीत नाही. एवढंच माहीत आहे की ते आपल्या माणसाच्या आवाजात नाव घेऊन हाक मारतं. ज्यानं ओ दिली त्याला चालवत नेतं.

दुसऱ्या दुपारी तेच. तिसऱ्या दुपारीही. सोजरानं सुनेचा हात पदरानं स्वतःच्या हाताला बांधला. तरी त्या नाजूक पोरीत कुठून जोर यायचा. सासूला फरफटत दारापर्यंत न्यायची. पोटावर हिसके बसायचे. डॉक्टरीणबाईंनी ज्याची भीती घातली होती तेच घरात रोज घडत होतं.

"भाऊजी, तुमाले सगळ्या जगाचं माहीत असते. उपाव सांगा."

मला माहीत होता. जुनी माणसं सांगत. "तसाच एक नारळ घ्यायचा, सूनबाईवरून ओवाळायचा, अन् ज्याचा उतारा होता त्याच्या उंबऱ्यावर फोडायचा. ज्याचं त्याले परत जाते."

ती नारळ घेऊन निघाली. मी मागून. रुखमाबाई दारातच बसली होती. तिनं सोजराच्या हातातला नारळ पाहिला, कुंकू पाहिलं, आणि तिला समजलं. माझी कल्पना होती की आता केस धरतील एकमेकींचे. मी जरा पुढं सरकून उभा राहिलो. पण रुखमाबाईचं तोंड नुसतं पांढरं पडलं.

"सोजरा," ती म्हणाली, "च्या ठेवू का?"

आत खाटेखाली छकुली सागरगोटे खेळत होती. पायावर ओढणीचे वळ अजून लाल होते. एक गोटा घरंगळत उंबऱ्यापाशी आला, तो घ्यायला ती बाहेर आली आणि सोजराकडे बघून हसली. पुढचे दोन दात पडलेले.

सोजरानं नारळ वर उचलला. मी कानांवर हात ठेवले. तिनं तो खाली आणला आणि रुखमाबाईच्या ओटीत घातला.

"देवापुढं फोड. पोरीच्या नावानं."

परत येताना मी म्हणालो, "अवं, आता काय करशील?"

"सैपाक," ती म्हणाली.

आणि खरंच तिनं तेच केलं. अंदमानात लाकूडतोड्यांच्या जंगलातल्या तळावर एक म्हातारा आचारी होता म्हणे. दुपारचं जेवण तो असं तिखट करायचा की मजुरांच्या डोळ्यांतून धारा. उत्तमरावानं एकदा त्याला शिव्या घातल्या तेव्हा तो म्हणाला होता, जंगल दुपारी हाक मारतं साहेब. जीभ पेटलेली असली म्हणजे माणूस ओ देत नाही. सोजरा तेव्हा हसली होती.

आता ती डब्यातल्या झाडाच्या सगळ्या मिरच्या तोडून घेऊन बसली. बारा वाजायच्या थोडं आधी निशिगंधाला ताटावर बसवायची. नारळ अर्थात दुकानातला, स्वतः फोडून, वास घेऊन घेतलेला. पहिल्या दिवशी दोन घासांत पोरीचे कान लाल झाले. नाक वाहायला लागलं. बाहेर ऊन शांत झालं, म्हणजे ती वेळ आली तेव्हा ऊनसुद्धा आवाज करायचं थांबतं, आणि निशिगंधानं मान वर केली. तोंड उघडलं.

"स्स्स... हा... हू... पाणी!"

हाक येऊन गेली. ओ काही दिली गेली नाही. पोरगी जागची हलली नाही.

सोजरा आणि मी एकमेकांकडे बघून इतके हसलो की माझी कवळी निसटली. भुताला मिरचीनं हरवणारं गाव आमचंच. शकीललाही मासळी रोज आणायला सांगितली. तो फाटकातून "मावशी!" म्हणून हाक मारायचा, सोजरानं त्याला तोंडावर बोट ठेवून बजावलं, ह्या घरात नाव घेऊन, नातं लावून हाक मारायची नाही. तेव्हापासून तो हॉर्न वाजवतो. कशासाठी ते त्यानं विचारलं नाही. देऊळघाटातही तळी आहेत.

पण एक गोष्ट आम्ही विसरलो होतो. निशिगंधा बुलढाण्याकडची पोर होती, पुण्याची नाही. जीभ हळूहळू सरावली. आधी नाक वाहायचं थांबलं. मग डोळे कोरडे राहायला लागले. एका दुपारी ती भाताचा घास रश्श्यात कालवून म्हणाली, "आत्याबाई, आज तिखट कमी टाकलं का?" मिरच्या तर दुपटीनं होत्या. सोजराच्या तोंडचं पाणी पळालं. आणि निशिगंधानं घास गिळला, मान वळवली आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, "ओ माय."

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून तिला दारात अडवलं. उंबऱ्याला अडखळून ती गुडघ्यावर पडली. रात्रभर पोट दुखलं. सकाळी बरं वाटलं, पण सोजरा उठून माझ्याकडे आली ती वेगळीच दिसत होती.

"रुखमाबाईले इचारून आली मी. त्याले एक ओ देणारं लागते. एक कायमचं भेटलं की दुसऱ्याले सोडते."

"मंग?"

"थे दुसरी वाटी हाय अजून. सुकवून ठेवली, फेकाची हिंमत झाली नाही." तिनं पदर कमरेला खोचला. "भाऊजी, आज दुपारी तुम्ही दारात बसा. काही झालं तरी तिले बाहेर जाऊ देऊ नका. मले बी. अन् एवढ्यांदा तरी तोंड बंद ठेवा."

मी बसलो. तिनं ती सुकलेली वाटी गरम पाण्यात भिजवली, वाटली, पिळली. दूध निघालं ते जरासं राखाडी. नेहमीसारखीच कृती: पातळ दूध, चिंच, हळद, मिरची, मासळी, वर घट्ट दूध. वास इतका चांगला आला की मला तोंडाला पाणी सुटल्याची भीती वाटली. निशिगंधाला तिनं वरणभात दिला. रस्सा स्वतः घेतला. आणि तिसरं एक ताट भिंतीशी मांडून ठेवलं, पाट टाकून.

चिमण्या थांबल्या. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं, पण त्याची टिकटिक मला ऐकू येईना. निशिगंधानं मान वर केली. त्याच क्षणी सोजरानंही केली. दोघी एकाच दिशेला बघत होत्या, तळ्याच्या. निशिगंधाचे ओठ उघडले.

"ओ!" सोजरा म्हणाली. मोठ्यांदा. आधी.

मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी सांगू नये, पण सांगतो. नव्या नवरीसारखी लाजली ती. डोक्यावर पदर घेतला.

"येते ना," ती म्हणाली. आवाजसुद्धा तरणा. "पण उन्हाचे आले तुम्ही. आधी दोन घास जेवून घ्या."

आणि ती त्या रिकाम्या पाटासमोर बसून वाढायला लागली. भात, वर रस्सा, कडेला मीठ. पदरानं वारा घालत राहिली. मला दारात थंडी वाजत होती. वैशाखात. निशिगंधानं एक जांभई दिली आणि म्हणाली, "मले झोप येऊन राह्यली." जाऊन झोपली. पुन्हा तिला कधीच हाक आली नाही.

थोड्या वेळानं घड्याळाची टिकटिक परत आली. ताटातला भात होता तसा, रस्सा होता तसा. सोजरा घामानं निथळत होती.

"खाल्लं का त्यानं?" मी हळूच विचारलं.

"चाखून पाहा."

मी बोट बुडवून चाटलं. तुम्हाला काय सांगू. ज्या रश्श्यानं माझं डोकं हापशीखाली नेलं असतं, त्यात काही नव्हतं. मीठ नव्हतं, तिखट नव्हतं, आंबट नव्हतं. ओला कागद चाटल्यासारखं. रूप सगळं जाग्यावर, चव तेवढी खाऊन गेलेलं. बाहेर कुत्र्यापुढं ठेवलं तर त्यानं वास घेतला आणि शेपूट पायात घालून गेलं.

"आवाज उत्तमरावाचा होता?"

"त्याचाच. पण तो नव्हता."

"कशावरून?"

"तुमच्या भावानं सगळ्या जन्मात मले 'तू जेवली का' म्हून इचारलं नाही. हे इचारते."

तिनं ताट घासलं आणि मला समजावून सांगितलं. ज्यानं ह्या घरचं मीठ खाल्लं ते ह्या घरच्या माणसाला नेणार नाही. खाल्ल्या मिठाला जागावंच लागतं, मग ते कोणी का असेना. पण मीठ रोज पोचलं पाहिजे. एक दुपार चुकली की हिशेब मोडला.

तेव्हापासून ती एकही दुपार चुकली नाही. लग्नाला नाही, मौतीला नाही. ताप अंगात असला तरी पाट्यावर वाटायला बसते. गावाला वाटतं, म्हातारीला बेटाची चटक. मी चिडवतो, "तुले तर बरंच झालं की. मेलेला नवरा रोज जेवाले येते, अन् वरून गोड बोलते." ती म्हणते, "गप बसा भाऊजी." पण एकदा नुसतंच म्हणाली, "हाव. तेच तर भेव वाटते. कधी कधी साडेअकरालेच कान तिकडं लागते." त्यानंतर मी तसं चिडवणं सोडलं. दुसरं पुष्कळ आहे चिडवायला.

निशिगंधाचे दिवस भरले. कळा सुरू झाल्या त्या पहाटेच. प्रेमानंद गाडी घेऊन आला. सोजरानं सुनेला गाडीत बसवलं, उशी दिली, कपाळावरून हात फिरवला आणि मागं सरकली.

"आई, बस ना!"

"तू हो पुढं. मह्या चुलीवर भात हाय."

"भात? आई, तिले कळा येऊन राह्यल्या अन् तुले भात सुचते?"

त्यानं दार इतक्या जोरात आपटलं की गल्लीतली सगळी माणसं बाहेर आली. मला खरं सांगता आलं असतं, पण सोजरानं डोळ्यांनी दाबलं. गाडी गेली. आणि भर दुपारी, ती भिंतीशी ताट वाढत असताना, खामगावला नातू झाला. चांगला, रडका, सगळी बोटं जाग्यावर.

प्रेमानंद तिच्याशी कित्येक दिवस बोलला नाही. निशिगंधाला थोडंफार कळलेलं आहे. ती नवऱ्याला काही सांगत नाही, पण सासूचा विषय निघाला की उठून आत जाते आणि डोळे पुसून येते.

बारसं खामगावलाच झालं, बाराच्या सुमारास. सोजरा गेली नाही. संध्याकाळी प्रेमानंदनं राग गिळून फोन केला. मी तिथंच बसलेलो. "आई, नाव ठेवलं बरं का," तो म्हणाला, "आपल्या..." आणि तिनं फोन बंद केला.

"काऊन वं?" मी भडकलो. "येवढं पोरगं वाकून बोलून राह्यलं, अन् तू?"

तिनं आधी खिडकीकडे पाहिलं. मग मला जवळ बोलावून सांगितलं.

"थे जेवताना बोलते आता भाऊजी. आधी नव्हतं बोलत. काल इचारलं, नातवाचं नाव काय ठेवणार म्हून. आज परत इचारलं. नाव भेटलं अन् मही एक दुपार चुकली, तर थे त्यालेच हाक मारते. वाढलेल्या ताटापुढं खोटं बोलता येत नाही, मीठ अळणी होते. म्हून मले नावच सांगू नका कोणी. मले माहीत नसलं म्हणजे मी खरंच सांगीन, मले माहीत नाही."

आता ते पोरगं चालायला लागलंय. उंद्रीला येतात ते सकाळी येतात आणि अकराच्या आत परत जातात. सोजरा त्याला मांडीवर घेऊन 'ए तू' म्हणते. "ए तू, इकडं पाय. ए तू, भात खातं का?" ते हसतं. त्याचं नाव सगळ्या गावाला माहीत आहे. गावात ते घेतात, पण आमच्या गल्लीत कोणी घेत नाही, छकुलीसुद्धा नाही. निशिगंधानं पोराला एक शिकवलंय. कोणी हाक मारली तर ते आवाज देत नाही. आधी मान वळवून नीट बघतं, हाक मारणारं कोण आहे ते.

नाव मलाही माहीत आहे. छान आहे, आजोबाच्या नावाला शोभेल असं. पोटात काही न राहणारा माणूस मी. आमच्या कुटुंबाला अजून खरं वाटत नाही. पण हे लिहिलेलं उंद्रीत कोणीतरी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचणार, आणि सोजराच्या स्वयंपाकघराची खिडकी वासासाठी उघडी असते. ते रोज विचारतंय. तिला रोज खरं सांगायचंय. म्हणून इथं ते लिहिलेलं नाही.